वाळवंटी लोंढ्यातली उभी लाट वर्गखोलीत: तीन मीटरच्या झुकत्या वाळू-फ्लूमचं परीक्षण

फ्लूम, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचे प्रयोग करायची लांब पन्हळ, घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा: तळावर वाळू अंथरता येते का, आणि वाहून गेलेली वाळू पाण्याबरोबर परत डोक्याशी, म्हणजे वरच्या टोकाशी, येते का? उत्तर 'नाही' असेल तर तो फ्लूम पाण्याची उसळी दाखवेल, बांधावरून पडणारं पाणी दाखवेल, झडपेखालून सुटणारा झोत दाखवेल. पण वाळवंटातल्या लोंढ्यात ओळीने उभ्या राहणाऱ्या, फुगत जाऊन एकाएकी फुटणाऱ्या आणि मिनिटभरात पुन्हा उभ्या राहणाऱ्या लाटा त्यात दिसणार नाहीत. त्या लाटा पाणी आणि वाळू मिळून घडवतात. वाळू हलत नसेल तर अर्धी गोष्ट गायब होते, आणि नेमकी तीच अर्धी जास्त रंजक आहे.

इथे पाहिलेला संच वाळू फिरवणारा आहे. लांबी ३ मीटर, आतली रुंदी १५ सेंटिमीटर, बाजूच्या भिंती पारदर्शक ॲक्रिलिकच्या आणि २५ सेंटिमीटर उंच. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला स्क्रू-जॅक. दोहोंतलं अंतर २.४ मीटर. उतार शून्यापासून ५ टक्क्यांपर्यंत. खाली २०० लिटरची टाकी, वाळू गिळू शकेल असा उघड्या इंपेलरचा पंप, ५० मिलिमीटरची पाइपलाइन, विद्युतचुंबकीय फ्लोमीटर आणि पंपाचा वेग कमीजास्त करायला व्हीएफडी. जास्तीत जास्त प्रवाह सेकंदाला ५ लिटर. वाळू आपली आपण आणायची.

यातला कुठला भाग चांगला आणि कुठला कच्चा हे ठरवायचं तर आधी लाट समजायला हवी.

पाठ्यपुस्तकात तारेवरचा अप्रगामी तरंग असतो: उलट दिशांनी जाणारे दोन तरंग एकमेकांत मिसळतात आणि ठरावीक बिंदू स्थिर राहतात. लोंढ्यातली उभी लाट तशी नाही. इथे लाट खरोखर चालत असते, पण प्रवाहाच्या उलट दिशेने. आणि पाणी तिला जितक्या वेगाने खाली ओढतं तितक्याच वेगाने ती वर चढते. खाली उतरणाऱ्या सरकत्या जिन्यावर कोणी त्याच वेगाने वर चढत राहिलं तर काठावरून बघणाऱ्याला तो माणूस एकाच पायरीइतक्या उंचीवर दिसतो, तसं हे आहे. पाणी लाटेतून आरपार निघून जातं, आकार मात्र जागेवर राहतो.

हे जुळायला पाण्याचा वेग लाटेच्या वेगाच्या जवळपास हवा. उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, याचं वर्गमूळ. पाण्याच्या सरासरी वेगाला या वेगाने भागलं की फ्रूड अंक मिळतो. तो १ च्या आसपास असला की पाण्याचा पृष्ठभाग विलक्षण हळवा होतो. कारण ऊर्जेत आहे. ठरावीक प्रवाहासाठी तळापासून मोजलेली ऊर्जा क्रांतिक खोलीला (जिथे फ्रूड अंक बरोबर १ असतो) सर्वांत कमी, म्हणजे त्या खोलीच्या दीडपट असते, आणि या किमान बिंदूपाशी ऊर्जेचा आलेख जवळजवळ सपाट असतो. खोली १० टक्क्यांनी कमी किंवा जास्त झाली तरी ऊर्जा जेमतेम १ टक्क्याने बदलते. उलटं वाचा: तळात बोटभर उंचवटा आला, ऊर्जेत किंचित फरक पडला, तर पाण्याला आपली उंची भरपूर बदलावी लागते. तळावरच्या क्षुल्लक खड्ड्याचं पृष्ठभागावर मोठं वर-खाली होतं ते यामुळे.

वाळवंटी ओढेच या जागी का येऊन बसतात? मॅनिंगचं सूत्र (उतार, खोली आणि तळाचा खरबरीतपणा यांवरून पाण्याचा वेग देणारं) घेऊन रुंद पात्रासाठी फ्रूड अंक काढला तर तो उताराच्या वर्गमूळावर आणि तळाच्या खरबरीतपणावर अवलंबून असतो, खोलीवर मात्र फक्त एक-षष्ठांश घाताने. खोली दुप्पट झाली तर फ्रूड अंक १२ टक्क्यांनी वाढतो. उतार दुप्पट झाला तर ४१ टक्क्यांनी. म्हणजे शेकडा एकाच्या आसपास उतार असलेलं, वाळूने भरलेलं, रुंद आणि उथळ पात्र असेल तर लोंढा गुडघाभर असो की कमरेएवढा, तो १ च्या शेजारीच घुटमळतो. उदाहरणार्थ उतार ०.८ टक्के, खरबरीतपणाचा गुणांक ०.०२५ आणि खोली अर्धा मीटर धरली तर फ्रूड अंक १.०२ येतो. पात्रात झाडोरा नाही, मोठे धोंडे नाहीत, वाळूचा साठा मात्र हवा तितका. गॉर्डन ग्रँट यांनी १९९७ साली मांडलेली कल्पना याच्या एक पाऊल पुढे जाते: तळ हलता असेल तर प्रवाह १ च्या फार वर जाऊच शकत नाही, कारण वर गेला की लाटा वाढतात, फुटतात, ऊर्जा खातात आणि प्रवाहाला परत खाली आणतात.

आता वाळूचा भाग. जी. के. गिल्बर्ट यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे लाकडी फ्लूममध्ये केलेले प्रयोग १९१४ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने छापले. त्यात त्यांनी 'अँटीड्यून' हा शब्द वापरला. साध्या वाळूच्या उंचवट्याच्या मागच्या अंगावर वाळू साठते आणि उंचवटा प्रवाहासोबत खाली सरकतो. अँटीड्यूनमध्ये उलटं होतं: प्रवाहाकडच्या चढावर वाळू बसते, पलीकडच्या उतारावरची खरवडली जाते. प्रत्येक कण खालीच जात असतो, पण उंचवट्याचा आकार मात्र वर सरकतो. आणि पाण्याची लाट वाळूच्या लाटेवर बरोबर बसलेली असते, माथ्यावर माथा, खळग्यावर खळगा. संथ प्रवाहात याच्या उलट, उंचवट्यावर पाणी किंचित खचतं.

या संचाची माहितीपुस्तिका ज्या ठिकाणी चुकते ते नीट बघायला हवं, कारण ही चूक अनेक पुस्तिकांमध्ये आढळते. तिच्यात स्थिर लाटेची लांबी काढायला कडक तळाचं सूत्र दिलं आहे: फ्रूड अंकाचा वर्ग म्हणजे टॅनएच केएच भागिले केएच, जिथे के म्हणजे २ पाय (२π) भागिले लाटेची लांबी, एच म्हणजे खोली, आणि टॅनएच म्हणजे हायपरबोलिक टॅन्जंट. हे सूत्र बरोबर आहे, पण फक्त न हलणाऱ्या तळावर ठेवलेल्या उंचवट्यामागच्या लाटांसाठी. फ्रूड अंक ०.८ घातला तर लाटेची लांबी खोलीच्या साधारण साडेचारपट येते. १ घातला तर अनंत येते. १ च्या वर उत्तरच नाही. विद्यार्थी हे सूत्र घेऊन वाळूच्या तळाजवळ बसतो, समोर छान लाटा उभ्या असतात, आणि गणित म्हणतं लाटा असूच शकत नाहीत.

हलत्या तळासाठी वापरायचा नियम जॉन एफ. केनेडी या जलअभियंत्याने १९६३ साली दिला. समोरून समान दिसणाऱ्या, आडव्या माथ्याच्या अँटीड्यूनसाठी वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले लाटेची लांबी भागिले २ पाय. खोली या सूत्रात येतच नाही. फ्रूड अंक १ असताना यातून लाटेची लांबी खोलीच्या २ पाय पट, म्हणजे सव्वासहापट निघते. केनेडींच्या विश्लेषणात अँटीड्यूनची सुरुवात ०.८४ च्या आसपास होते, म्हणून १ ची वाट बघत बसायचं कारण नाही. पुस्तिकेतलं ते पान बाजूला ठेवा आणि हे सूत्र मोठ्या अक्षरात फ्लूमच्या भिंतीवर चिकटवा.

या संचाला हे आकडे लावून बघू. प्रवाह सेकंदाला ३.७५ लिटर, रुंदी १५ सेंटिमीटर. क्रांतिक खोली ४ सेंटिमीटर, तिथला वेग सेकंदाला ६३ सेंटिमीटर, लाटेची लांबी २५ सेंटिमीटर. प्रवेशाकडचा आणि शेपटाकडचा अर्धा अर्धा मीटर सोडला तर कामाचे २ मीटर उरतात. त्यात आठ लाटा बसतात. ५ लिटरला खोली ४.८ आणि लाट ३० सेंटिमीटर होते. लांबीच्या बाबतीत संच पुरेसा आहे. २ मीटरहून आखूड फ्लूम घेऊ नका. त्यात तीन-चार लाटा येतात आणि त्यातल्या दोन टोकांच्या असल्याने बिघडलेल्या असतात.

रुंदीचं काय? रुंदी खोलीच्या पाचपट तरी असावी म्हणजे भिंतींचं घर्षण मधल्या प्रवाहावर फारसं चढत नाही. इथे ती पावणेचारपट आहे. चालेल, पण उतार काढताना जलत्रिज्या (पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले तळ-भिंतींची ओली लांबी) घ्या, खोली नको. अरुंदपणाचा एक फायदा असा की लाट रुंदीपेक्षा लांब असल्याने माथे सरळ आडवे राहतात आणि मोजायला सोपे जातात. तोटा असा की खऱ्या ओढ्यात मध्यभागी उठणारे शंकूसारखे उंचवटे आणि त्यांच्या टोकावरून उडणारे पाण्याचे तुरे इथे दिसत नाहीत. ते हवे असतील तर याच्या चौपट रुंद फ्लूम लागतो, आणि मग पंपही चौपट लागतो.

वाळू निवडण्यात कंजुषी करू नका. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडणारी आणि २५० च्या चाळणीवर राहणारी धुतलेली वाळू घ्या. बादलीत घालून वरचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, नाहीतर गढूळपणामुळे भिंतीतून तळ दिसत नाही. ०.१५ मिलिमीटरहून बारीक वाळू पाण्यातच तरंगत राहते. १ मिलिमीटरची जाड वाळू घेतली तर लाटा उभ्या राहतात पण इतक्या सावकाश वाढतात की बघणाऱ्याला वाढ कळत नाही. समुद्रकाठची वाळू मिठामुळे पंप खाते. २.६ मीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड थराला सुमारे ३१ किलो वाळू लागते. थर ३ सेंटिमीटरवर आणू नका: खळग्यात तळपत्रा उघडा पडला की त्या जागची लाट मरते आणि खालच्या सगळ्या बिघडतात.

चालवायची पद्धत अशी. शेपटाची, म्हणजे खालच्या टोकाची पाणी अडवणारी फळी वाळूच्या पातळीला, म्हणजे ५ सेंटिमीटरवर लावा. वाळू लाकडी फळीने ओढून सपाट करा आणि सेकंदाला अर्धा-पाऊण लिटर पाण्याने हळूहळू भिजवा. कणांमधल्या पोकळीत ७ ते ८ लिटर पाणी शोषलं जातं. बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. उतार ०.३५ टक्क्यावर ठेवून प्रवाह ३.७५ लिटरवर न्या. तळावर वळ्या उमटतात आणि पाणी साडेसात सेंटिमीटर खोल, आळशी दिसतं. आता जॅक अर्धा फेरा फिरवा, पाचेक मिनिटं थांबा, पुन्हा अर्धा. स्क्रूचा एक फेरा ४ मिलिमीटरचा, म्हणजे २.४ मीटरवर उतारात ०.१७ टक्क्यांचा फरक. साधारण सव्वातीन फेऱ्यांनी ०.९ टक्क्याला पोहोचता.

या प्रवासात एक क्षण चुकवू नये असा आहे. कुठेतरी मध्येच वळ्या पुसल्या जातात, तळ काचेसारखा सपाट होतो आणि त्याच प्रवाहात पाण्याची पातळी जवळजवळ निम्मी होते. पंप तोच, फ्लोमीटरवर आकडा तोच, पण साडेसात सेंटिमीटर पाणी ४ वर येतं आणि सुसाट सुटतं. खडबडीत तळाने अडवलेलं पाणी मोकळं झालेलं असतं. वाचलेलं १५-१६ लिटर पाणी टाकीत परत येतं, म्हणून टाकी काठोकाठ भरून सुरुवात करू नका. नदीवर खोलीवरून प्रवाह काढणाऱ्यांची तारांबळ का उडते हे इथे एका नजरेत समजतं: एकाच प्रवाहाला दोन खोल्या.

मग लाटा येतात. आधी पृष्ठभागावर पुसट शिवण, मग चार-पाच गोल माथे, मग अख्खी ओळ. भिंतीला नाक लावून एकाच माथ्याकडे बघा. माथ्याच्या वरच्या अंगाला कण संथ होऊन बसतात, खालच्या अंगाला धुरासारखे उठून पुढच्या माथ्याकडे पळतात. मेणाच्या पेन्सिलने दर दहा सेकंदांनी माथ्याची जागा भिंतीवर टिपा; खुणा प्रवाहाच्या उलट दिशेने सरकत जातात. लाट उंच होते, तिचा वरचा चेहरा ताठ होतो, आणि उंची लांबीच्या सातव्या हिश्श्याजवळ, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या लाटेला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास गेली की ती प्रवाहाच्या उलट दिशेने कोसळते. पांढरा फेस, वाळूचा ढग, तळ सपाट. पाणी क्षणभर गुळगुळीत होतं आणि खेळ पुन्हा सुरू. कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानात मेडानो ओढ्याच्या पाण्याला येणारे उधाणाचे झटके याच यंत्रणेचे: वाळूचे उंचवटे पाणी अडवत वाढतात, मोडतात आणि अडलेलं पाणी लाटेसारखं सुटतं. तिथे पाणी बर्फ वितळून येतं, पावसाच्या लोंढ्याचं नसतं. वाळूला त्याने फरक पडत नाही.

आता सुट्या भागांकडे. पाइपलाइन ५० मिलिमीटरची ठेवली हा या संचातला सर्वांत शहाणा निर्णय. ३.७५ लिटरला पाइपमधला वेग सेकंदाला १.९ मीटर राहतो आणि वाळू खाली बसत नाही. ७५ मिलिमीटरचा पाइप 'जास्त मोकळा' म्हणून विकला जातो. त्यात हाच वेग ०.८५ वर येतो, आडव्या भागात वाळूचा थर साचतो आणि तासाभरात तुमचा तळ पाइपमध्ये गेलेला असतो. ५० मिलिमीटरलाही मर्यादा आहे: ३ लिटरच्या खाली वेग दीड मीटरहून कमी होतो, तेव्हा कमी प्रवाहावर वाळू फिरवत फार वेळ ठेवू नका, आणि पंप बंद करण्याआधी मिनिटभर जोरात चालवा. फ्लोमीटर उभ्या, वर जाणाऱ्या पाइपवर बसवला आहे, तेही बरोबर; तिथे पाइप नेहमी भरलेला असतो. पंख्याचा मीटर असता तर वाळूने पहिल्याच आठवड्यात अडकला असता. तरीही मीटरवर आंधळा विश्वास नको: वाळू घालण्याआधी स्वच्छ पाण्यावर २० लिटरची बादली भरून बघा, ३.७५ लिटरला ५.३ सेकंद लागायला हवेत.

टाकी मात्र चुकली आहे. तळ सपाट, कोपरे काटकोनी. पंप मध्यभागची वाळू ओढतो, कोपऱ्यांत ती साठत जाते. ३ किलो वाळू कोपऱ्यांत अडकली की फ्लूममधला थर सरासरी ५ मिलिमीटरने उतरतो, आणि तो सगळीकडे सारखा नाही तर डोक्याकडून खरवडत उतरतो. विद्यार्थ्याला वाटतं उतार बदलल्यामुळे असं झालं. उपाय सोपा आहे: प्लॅस्टिकच्या चार पट्ट्या ४५ ते ५० अंशांत कोपऱ्यांवर तिरप्या बसवा. ओली वाळू ३५ अंशांपर्यंत ढिगात उभी राहू शकते, त्यामुळे त्याहून कमी तिरपेपणा काही कामाचा नाही. निर्मात्याने हे स्वतःच करून द्यायला हवं होतं.

प्रवेशाकडे दुसरी अडचण. पाणी मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीतून येतं, इथवर ठीक. पण जाळीनंतर गुळगुळीत ॲक्रिलिकची घसरण आणि तिला लागून थेट वाळू. गुळगुळीत पृष्ठभागावरून आलेला प्रवाह सांध्यावर खड्डा पाडतो, खड्ड्यामागे लाट उठते, आणि ती सक्तीची लाट पुढच्या सगळ्या लाटांची लांबी ठरवू लागते. मग जे दिसतं ते नैसर्गिक अँटीड्यून नव्हे, खड्ड्याची सावली असते. घसरणीवर जाड वाळू डिंकाने चिकटवा आणि सांध्यापुढे १५ ते २० सेंटिमीटर लांबीत ५ ते ८ मिलिमीटरची खडी वाळूच्या पातळीला दाबून बसवा. जाळीच्या मागे पाण्यावर फोमचा तुकडा तरंगत ठेवला की पंपाचे हेलकावेही मरतात.

चौकटीचा झोल तपासल्याशिवाय एकही आकडा लिहू नका. वाळू, तिच्यातलं पाणी आणि वरचं पाणी मिळून ५७ किलोच्या आसपास वजन चौकटीवर येतं. मध्ये दीड मिलिमीटर झोल आला तर टोकांपाशी उतार ०.२ टक्क्यांनी चुकतो. १ टक्का उतारात ही पाचव्या हिश्श्याची चूक आहे. तपासायला स्पिरिट लेव्हल पुरत नाही. उतार शून्यावर आणून शेपटाची फळी बंद करा, वाळू न घालता तितक्याच वजनाचं पाणी भरा आणि पाच ठिकाणी पॉइंट गेजने (खोली मोजायच्या टोकदार सळईने) तळापासून खोली मोजा. साचलेलं पाणी सपाटच असतं, त्यामुळे खोलीतला फरक म्हणजे तळपत्र्याचा झोल. मधल्या आधाराचा स्क्रू फिरवून तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणता येतो. जॅकच्या आट्यांत थोडी ढील असते, म्हणून हव्या उताराला नेहमी खालून वर चढवत या. जास्त झालं तर बरंच खाली उतरून पुन्हा चढवा.

शेपटाची फळी हे लहानसं अवजार फार घोटाळे करतं. एक सेंटिमीटर उंच राहिली की मागे पाणी फुगतं, फ्रूड अंक ०.८४ च्या खाली घसरतो आणि लाटा शेपटाकडून वर एकेक करून नाहीशा होतात. खाली राहिली तर वाळूच बाहेर धावते. ॲक्रिलिकवर वाळूचे ओरखडे पडणारच. कोरड्या फडक्याने पुसणं हे त्याचं मुख्य कारण, आधी पाण्याने धुवा. भिंतीवरची पट्टी सेंटिमीटरची आहे, मिलिमीटरची चिकटवा. आणि पंपाची वायर आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या सॉकेटलाच जोडा, कारण या यंत्राभोवतीची जमीन नेहमी ओली असते.

जाहिरातीतल्या दोन दाव्यांबद्दल. 'रोल वेव्ह (उतारावरून एकामागोमाग खाली धावणाऱ्या लाटा) दाखवतो' हा दावा सोडून द्या. त्या लाटांना फ्रूड अंक २ च्या आसपास किंवा वर लागतो आणि वाढायला लांबच लांब पात्र लागतं. ३ मीटरमध्ये पृष्ठभाग थरथरतो, त्याला रोल वेव्ह म्हणता येत नाही. 'कोरड्या पात्रात येणारा लोंढा' हा दावा अर्धा खरा आहे. व्हीएफडी तीन सेकंदांत प्रवाह शून्यावरून वर नेतो आणि पाण्याचं बोथट नाक कोरड्या वाळूवरून धावतं, पाणी वाळूत मुरतं तेही दिसतं. पण फ्लूमचा तळ बंद आहे, त्यामुळे वाळूतल्या हवेला खाली वाट मिळत नाही. ती बुडबुड्यांनी वर फुटते आणि तळावर खळगे पाडते. त्या खळग्यांना वाळवंटाचं वैशिष्ट्य समजू नका.

इथले आकडे ओढ्यावर कसे न्यायचे? फ्रूड अंक सारखा ठेवून लांबी दहापट केली तर वेग ३.१६ पट होतो. ४ सेंटिमीटर खोलीचे ४० होतात, वेग सेकंदाला २ मीटर, लाट अडीच मीटर. फ्लूममधला प्रवाह पूर्ण खळाळता आहे, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळाळता ते सांगणारा) २५,००० च्या घरात. लाट २५ सेंटिमीटरची असल्याने पृष्ठताणाचा त्रास नाही. वाळूचा कण मात्र या हिशेबात बसत नाही. ०.३ मिलिमीटरचा कण दहापटीने ३ मिलिमीटरचा होतो, आणि उलट, ओढ्यातली वाळू दहापट बारीक करायला जाल तर ती गाळ होऊन चिकटू लागते. म्हणून लाटेची लांबी आणि वेग यांचं नातं फ्लूममधून उचला, वाळू वाहण्याचं प्रमाण उचलू नका. वाळवंटी ओढे किती गाळ वाहतात ते बघायला प्रत्यक्ष मोजमापं आहेत; इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या नहाल यातिर या ओढ्यावर लॅरोन आणि रीड यांनी १९९३ साली तळाने सरकणाऱ्या गाळाचे फार मोठे दर नोंदवले. ॲरिझोनातल्या वॉलनट गल्चमध्ये तर प्रवाह मोजण्यासाठी मुद्दाम सुपरक्रिटिकल (फ्रूड अंक १ च्या वर ठेवणारे) फ्लूम बांधले, कारण साध्या बांधामागे पाणी संथ झालं की गाळ साचून मोजमापच बिघडतं.

आणि हेच नातं या संचाची किंमत वसूल करून देतं. लोंढ्यात मीटर घेऊन उतरता येत नाही, उतरूही नये. पण उंच काठावरून लाटा मोजता येतात. चार माथ्यांमधलं, म्हणजे तीन लाटांचं अंतर पलीकडच्या ओळखीच्या लांबीशी ताडून घ्या आणि तीनने भागा. १ मीटरची लाट म्हणजे सेकंदाला १.२५ मीटर वेग, २ मीटरची म्हणजे १.७७, ३ मीटरची म्हणजे २.१६, ५ मीटरची म्हणजे २.८. वेग लांबीच्या वर्गमूळावर जात असल्याने अंतरात १० टक्के चूक झाली तर वेगात ५ टक्केच येते. फ्लूमवर हे पन्नास वेळा करून हात बसवता येतो: लाट मोजा, सूत्रातून वेग काढा, मग प्रवाहाला रुंदी आणि खोलीच्या गुणाकाराने भागून ताडून बघा. फुटत असलेल्या लाटा मोजू नका, फुटण्याआधीच्या गोल माथ्यांच्याच घ्या.

शेवटच्या फेरीला थोडी काळी वाळू मिसळा. त्याच चाळणीची, पण अंदाजे दहावा हिस्सा. लाटा भरात असताना पंप आणि शेपटाची फळी एकाच वेळी बंद करा. नुसता पंप थांबवलात तर निचरणारं पाणी तळ पुसून नेतं. फळी बंद असेल तर पाणी जागीच थांबतं. वाळू निवळल्यावर भिंतीतून बघा: काळ्या रेघा अगदी कमी कोनात, प्रवाहाच्या उलट दिशेला झुकलेल्या दिसतात. मग वाळू कडेने सुरीने कापून घ्या आणि मधल्या भागातही त्या तशाच आहेत का ते तपासा, कारण भिंतीलगतचे थर घर्षणाने थोडे वाकलेले असतात.